अकरा कोंबड्यांचा पौष

पौषात भोरला नदीवरचं धुकं सकाळी आठपर्यंत उठत नाही. शाळेत जाताना पुलावर समोरून येणारी एसटी आधी ऐकू येते आणि मग दिसते. बाजारात पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात, भाटघर धरणाच्या पाण्यावर परमुलखातली पाखरं उतरतात, माणसं मफलरीतून बोलतात. आणि या सगळ्याबरोबर आता आणखी एक गोष्ट येते. कुठल्यातरी जिल्ह्यात कोंबड्या मेल्याची बातमी.

यंदाही ती आली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले, तेव्हा माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंच्या डब्यात अंड्याचा रस्सा होता. त्यांनी झाकण अर्धं उघडलं, तसंच हातात धरलं आणि मला विचारलं, "वैशालीताई, तुमच्या वहिनी काय म्हणतात?"

टीव्हीवर काय सांगतात, पेपरात काय छापून आलंय, हे त्यांनी विचारलं नाही. वहिनी काय म्हणतात, एवढंच विचारलं. मी सांगितलं, "सकाळीच बोलले. आजपर्यंत सगळ्या बऱ्या आहेत म्हणाल्या." बाईंनी झाकण बाजूला ठेवलं आणि पोळीचा तुकडा मोडला. हा प्रश्न काही वर्षांपूर्वीच्या ज्या पौषातून आला, तो मी डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यात मी फारशी शूर वागले नव्हते.

माझी वहिनी, शालनवहिनी, पासलीची. पासली म्हणजे वेल्ह्याच्याही आत, डोंगरात. भाताची खाचरं, उतारावरची घरं आणि घरटी चार कोंबड्या. तिथून लग्न होऊन त्या माझ्या माहेरी, भोंगवलीला आल्या, तर इथं सपाट रान, ऊस आणि पाटाचं पाणी. पहिल्या वर्षी त्या मला म्हणाल्या होत्या, "वन्सं, तुमच्या हितं समदं हाय, पण सकाळी उठल्यावर पायात कोंबडी येत न्हाई. घर मुकं वाटतंय." त्यांनी आधी चार कोंबड्या पाळल्या, मग चाळीस. दादा त्याला वहिनींचं खूळ म्हणायचा. त्या खुळाची शेड झाली तेव्हा पत्रे चढवायला मात्र तोच सर्वांत आधी शिडीवर होता.

शेडमध्ये अंथरायला भाताचं तूस लागतं. ते वहिनींचा भाऊ पासलीहून टेम्पोत भरून पाठवतो. नव्या तुसाचा वास मला अजून आवडतो. उन्हात वाळलेल्या भाताचा, किंचित गोडसर, नाकात गुदगुल्या करणारा. सकाळी दार उघडलं की आतून एकदम जो कलकलाट येतो, त्याला वहिनी 'हजेरी' म्हणतात. मी मास्तरीण, म्हणून माझ्यासाठी काढलेला शब्द. नुकतं घातलेलं अंडं त्या माझ्या गालाला लावायच्या. थंडीत त्या उबेनं डोळे आपोआप मिटायचे.

बाजारच्या दिवशी त्या भोरला येत, चिंचेखाली ट्रे मांडून बसत. बाजार उठला की स्कूटीवरून ठरलेल्या बावीस घरी अंडी पोचवत. त्यातली निम्मी घरं आमच्या कॉलनीतली. नोकरदार, पेन्शनर, टापटीप माणसं. गेटची कडी वाजली की ओळखायची, अंडीवाल्या शालनताई आल्या. शेजारच्या सबनीसकाकू त्यांच्याकडून प्रत्येक अंडं उजेडाला धरून बघून घेत. काकू कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. कुणाच्याही बोलण्यावर सहजी विश्वास ठेवणं त्यांना जमत नसे.

त्या वर्षी बर्ड फ्लूची बातमी आली आणि आठवडाभरात भोरची चव बदलली. स्टँडबाहेरच्या भुर्जीच्या गाडीवर एका संध्याकाळी पोह्यांची परात दिसली. चिकनच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. स्टँडमागं एक कावळा मरून पडला, तर त्याच्याभोवती रुमाल लावलेली माणसं गोळा झाली. तो विजेच्या तारेला चिकटून मेला होता, हे वायरमनने सांगितलं, पण तोवर कावळ्याचा फोटो गावभर फिरून आला होता. कुठं कुणी मंचावर बसून उकडलेली अंडी खाऊन दाखवली, तेही मोबाईलवर आलं. ते पाहून वहिनी हसल्या. "त्यांच्या पोटावरनं माझ्या कोंबडीचं कसं कळायचं?"

वहिनी मात्र बाजारला येत राहिल्या. येणाऱ्याला सांगत, "माझ्या हितं काय न्हाई. पटलं तर घ्या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या. घेतलं तर पुरतं उकडून खावा." बावीसपैकी अकरा-बारा घरं टिकली होती, त्यातली बरीचशी माझ्या शब्दावर. मी स्टाफरूममध्ये, भिशीत, रस्त्यात थांबून सांगत होते की आमच्या वहिनींची शेड मी पाहिलीये, बिनधास्त खा. सबनीसकाकांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी त्यांना रोज दोन अंडी सांगितली होती. काकू साशंक होत्या. "वैशाली, तू जबाबदारी घेतेस?" असं त्यांनी सरळ विचारलं. मी तितकंच सरळ "हो" म्हणाले. दुसऱ्याच्या कोंबड्यांची जबाबदारी किती सोपी असते!

बाजारचा दिवस झाला. त्या दिवशी शेडमध्ये चार कोंबड्या मेल्या होत्या, पण त्या सापडल्या संध्याकाळी, वहिनी भोरहून परत गेल्यावर. एका कोपऱ्यात, तुसात माना खुपसलेल्या. गारठा मोठा होता, चार म्हणजे काही फार नव्हे, असं दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी सात. तुरे काळसर निळे पडलेले.

वहिनींनी आधी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर दुपारी येतो म्हणाले, तोवर काही विकू नका म्हणाले. दादानं शेडचं दार लावून घेतलं आणि तो अंगणात येऊन म्हणाला, "हे आपल्यातच ऱ्हाऊ दे. रिपोट येऊस्तवर तोंड उघडू नगंस. काय नसलं तर फुकाट नाव जाईल."

"आन असलं तर?"

दादा शेडच्या बंद दाराकडं बघत राहिला.

"काल म्या अकरा घरी अंडी देऊन आल्ये," वहिनी म्हणाल्या. "सबनीसकाका आजारी मानूस हाईत."

हे सगळं मला नंतर दादानंच सांगितलं, मान खाली घालून. मी त्या सकाळी पाहिलं ते एवढंच. सुट्टीचा दिवस होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. कॉलनीच्या रस्त्यावर, आमच्या गेटपासून चांगली पंधरा पावलं लांब, वहिनी उभ्या होत्या. न्हाऊन आलेल्या, केस ओले, धुतलेलं पातळ, तोंडाला पदर. स्कूटी पार लांब लावलेली. त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "वन्सं! बाहेर या. जवळ नगा येऊ, तितनंच ऐका."

मी खाली उतरले. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. सबनीसकाकू हातात चहाचा कप घेऊन फाटकाशी आल्या.

वहिनींनी आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "माझ्या शेडात अकरा कोंबड्या मेल्या. कशानं ते ठावं न्हाई. डॉक्टर यायचं हाईत. काल म्या दिलेली अंडी खाऊ नगा. फेकूबी नगा, पिशवीत बांधून बाजूला ठेवा आन हात धुवा. काय असंल ते म्याच येऊन सांगीन."

मग काकूंचा आवाज आला, कोर्टात पुकारा व्हावा तसा स्पष्ट. "काल दोन अंडी यांनी खाल्ली. वैशाली, जबाबदारी कुणाची म्हणाली होतीस?"

खरं सांगते, त्या क्षणी मला वहिनींचा राग आला. असं भर रस्त्यात उभं राहून ओरडायची काय गरज होती? मला हळूच फोन केला असता, मी चार घरी काहीतरी सांगून अंडी परत घेतली असती. अंडी शिळी निघाली म्हटलं असतं. माझ्या मनात त्या वेळी हेच शब्द आले होते, हे मी आज लपवत नाही. इकडे माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या आणि तिकडे वहिनी काकूंना विचारत होत्या, "उकडून खाल्ली का कच्ची?"

"उकडून."

"मंग त्यानं काय व्हत न्हाई म्हणत्यात. तरी काकांच्या डॉक्टरास्नी आजच इचारून घ्या. माझं नाव सांगा." एवढं बोलून त्या पुढच्या घराकडं गेल्या. अकरा घरं. प्रत्येक घरासमोर तसंच, लांब उभं राहून.

दुपारी डॉक्टर आले ते पांढऱ्या पोशाखात, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले. वहिनी भोरला जाऊन आल्याचं कळताच ते भडकले. संशय असताना जागा सोडायची नसते, फोन करायचा होता, म्हणाले. वहिनींनी चूक कबूल केली. मग हळूच म्हणाल्या, "पर डॉक्टर, फोनवर त्यास्नी माझं तोंड दिसलं नसतं."

डॉक्टरांनी नमुने घेतले. ते पुण्याला जाणार, तिथून पुढं भोपाळच्या प्रयोगशाळेत. तोवर शेडमधून कोंबडीचं पीससुद्धा बाहेर जाऊ द्यायचं नाही. दारात चुन्याचा जाड पट्टा ओढला गेला.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला भोंगवलीची ती गल्ली आठवते, जिच्या तोंडाशी जाऊन मी उभी राहायचे. पुढं जायची परवानगी नव्हती. ज्वारी हुरड्यावर आलेली, गव्हावर दव, चांगलं सोनसळी ऊन, आणि त्या उन्हात वहिनी एक काम करताना दिसायच्या. कोंबड्यांना काय माहीत? त्या रोज अंडी घालत होत्या. ती रोज गोळा करायची आणि शेडमागच्या खड्ड्यात पुरायची. वर चुना, वर माती. वहिनी एकेक अंडं हातानं खाली ठेवायच्या. दादा म्हणाला, "पाटी उलटी कर की सरळ." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यांनी घातलं ते चांगलंच घातलंय." शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांसमोर तो खड्डा यायचा आणि खडू थांबायचा.

गावातलेही बोलले. शेवटच्या घरातल्या सरूआत्या, एकट्या राहणाऱ्या, सहा कोंबड्या आणि एक कोंबडा हाच त्यांचा संसार. रोग निघाला तर आसपासच्या सगळ्याच कोंबड्या मारतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या चुन्याच्या पट्ट्याअलीकडं येऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "शालन, तुला गप बसाया काय झालं व्हतं? तुझ्या खरं बोलण्यापायी माझा कोंबडा जायाचा!"

वहिनी म्हणाल्या, "आत्या, म्या गप बसले आन रोग असला, तर तुमचा कोंबडा बी जायाचा आन तुमी बी. कोंबडा गेला तर म्या दुसरा दीन. तुमी गेलासा तर कुठनं आणू?"

आत्या तिथंच खाली बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "च्या तरी पेलीस का सकाळधरनं?" घरी जाऊन त्यांनी चहा आणला आणि पट्ट्यावरून तांब्या पलीकडं सरकवला.

दहाव्या दिवशी शाळेत फोन आला. वर्ग चालू असताना मी कधी फोन घेत नाही, त्या दिवशी घेतला. वहिनी होत्या. "न्हाई निघालं," एवढंच म्हणाल्या. मग फोनवर बराच वेळ नुसता कोंबड्यांचा कलकलाट. त्या शेडमध्येच उभ्या असाव्यात. मी वर्गाकडं पाठ करून फळ्याकडं बघत राहिले. माझं रडू पोरींना दिसू नये म्हणून.

कारण निघालं ते साधं आणि लाजिरवाणं. गारठा वाढला म्हणून दादानं शेडचे पडदे चारी बाजूंनी गच्च बांधले होते. आत हवा कोंडली, ओल्या तुसाचा उग्र वास साठला, कोंबड्यांच्या छातीत दाटलं आणि त्या कोपऱ्यात गुदमरून मेल्या. डॉक्टरांनी पडदे वरून हातभर उघडे ठेवायला सांगितले, ओलं तूस काढायला लावलं. पासलीहून नवं तूस आलं. त्यानंतर एकही मेली नाही. आणखी काही दिवस वाट पाहून डॉक्टरांनी विक्रीला परवानगी दिली.

बाजारच्या आदल्या दिवशी वहिनी आमच्याकडं आल्या, या वेळी घरात. त्यांनी पिशवीतून पुठ्ठा काढला. "वन्सं, तुमी मराठी शिकवता. एवढं शुद्ध करून द्या."

पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: आमच्या शेडात अकरा कोंबड्या मेल्या. सरकारी तपासनी झाली. बर्ड फ्लू न्हाई. हवा कोंडून मेल्या. चूक आमची. कागद बघायचा असल तर मागा.

मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं, 'तपासणी' केलं, 'नाही' केलं. मग म्हणाले, "वहिनी, पहिलं वाक्य काढू या. आणि ते 'चूक आमची'सुद्धा. 'तपासणी झालेली सुरक्षित अंडी' एवढं पुरे. लोकांना मेलेल्या कोंबड्यांची आठवण कशाला करून द्यायची?"

"त्यास्नी आठवन हाईच की. मला बी हाय. दोघांस्नी ठावं असलेली गोष्ट लपवून काय करू?"

"पण चूक आमची असं कोण लिहितं?"

"ज्याची असंल त्यो," त्या म्हणाल्या. मी काढायला सांगितलेली अक्षरं त्यांनी पुन्हा ठळक गिरवली. शुद्धलेखन मात्र माझं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बाजारात गेले. चिंचेखाली ट्रे मांडलेले, त्यांना टेकून ती पाटी. माणसं थांबत, वाचत, एकमेकांकडं बघत आणि पुढं जात. दोन पोरी हसल्या. शेजारचा लसूणवाला म्हणाला, "मावशी, पाटी आत घ्या, उगं अपशकुन." वहिनी पाठ ताठ करून बसल्या होत्या. मीही त्यांच्या शेजारी गोणपाटावर बसले. आमच्या शाळेतल्या पालकांनी मला बघितलं. या वेळी कान तापले नाहीत.

ऊन चढलं. एकही अंडं हललं नव्हतं. आणि गर्दीतून सबनीसकाकू येताना दिसल्या. त्या दिवसानंतर त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. त्या थांबल्या, चष्मा लावला आणि पाटी मोठ्यानं वाचली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आजूबाजूची चार माणसं थांबली.

"कागद दाखवा," काकू म्हणाल्या.

वहिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून दिला. काकूंनी तो शिक्क्यासकट वाचला. "यानंतर किती मेल्या?"

"एक बी न्हाई."

"उद्या मेली तर?"

"तर पुन्हा यीन तुमच्या फाटकाशी."

काकूंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त थोडा हळू. "तुम्ही आलात त्या दिवशी मी फार चिडले होते. हे म्हणाले, अगं, आपल्याला आयुष्यभर सगळे 'ताजं आहे, घ्या' म्हणत आले. 'खाऊ नका' सांगायला दारात येणारी ही पहिलीच. मी त्यावर आठ दिवस विचार केला." मग त्यांनी पिशवी उघडली. "दोन डझन द्या."

वहिनी अंडी मोजू लागल्या. काकूंनी सवयीनं पहिलं अंडं उचललं, उजेडाला धरण्यासाठी हात वर नेला, आणि तो तसाच खाली आणून अंडं पिशवीत ठेवलं. बाकीची न बघताच. मी वहिनींकडं पाहिलं. अकरा कोंबड्या मेल्या तेव्हा, गावानं बोल लावले तेव्हा, खड्ड्यात अंडी पुरताना न रडलेल्या वहिनी डझन मोजताना चुकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.

पाटी वाचत उभ्या असलेल्या माणसांपैकी एकानं अर्धा डझन मागितली. मग दुसऱ्यानं. सगळी अंडी त्या दिवशी गेली असं मी म्हणणार नाही. तीन ट्रे परत गेले. पण पुढच्या बाजारी दोन गेले, त्याच्या पुढच्या बाजारी एकही नाही. उन्हं तापेपर्यंत बावीसची सव्वीस घरं झाली होती.

त्या उन्हाळ्यात पासलीच्या शाळेच्या पडवीत आसपासच्या बायका जमल्या होत्या. कोंबड्या पाळणाऱ्या, पाळू बघणाऱ्या. गुंजवणे गावच्या दोघी-तिघी तर जीप करून आलेल्या. गावच्या लेकीला बोलायला बोलावलं होतं. वहिनींना भाषण येत नाही. त्यांनी पडदे किती उघडे ठेवायचे ते हातानं मापून दाखवलं, तूस कधी बदलायचं ते सांगितलं, कोंबडी मेली तर पहिला फोन कुणाला, ते सांगितलं. मी मागं भिंतीला टेकून बसले होते. समोर पडवीबाहेर भाजावळीत पालापाचोळा जाळून काळी पडलेली खाचरं, त्यावर डोंगराची सावली.

एक तरणी बाई उठली. "ताई, पर रिपोट वाईट आला असता तर? तुमी तर आधीच समद्या भोरात सांगून बसला व्हता."

वहिनींनी थोडा विचार केला. "तर शेड रिकामी झाली असती," त्या म्हणाल्या. "लई रडले असते. पर बाजारात चिंचंखाली माझी बसायची जागा ऱ्हायली असती. कोंबड्या पुन्हा आणता येत्यात."

मग माझ्या शेजारच्या म्हातारीनं कोपरानं मला ढोसलं आणि कुजबुजत विचारलं, "तुमी कोण वं त्यांच्या?"

"नणंद!" मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी वळून माझ्याकडं बघायला लागल्या.